वाफेश्वर न्यूझीलंडला निघतात

अड्याळच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर पुंडलिकराव सेलोकरांनी एका सकाळी जाहीर करून टाकलं की यापुढे ते कुणाच्याही घराची चौकट करणार नाहीत. खिडकी नाही, दिवाण नाही, पोरीच्या लग्नातलं कपाट तर नाहीच नाही. ज्याला चौकट हवी त्याने खुशाल पवनी गाठावी. सेलोकरांच्या आरागिरणीचा माल आता समुद्र ओलांडून न्यूझीलंडला जाणार होता.

टपरीवर शांतता पसरली. एवढी शांतता तिथे निवडणुकीच्या निकालानंतरच पसरत असे, तीही फक्त हरलेल्यांच्या बाकावर.

माल कसला, असं कुणीतरी विचारलं. पुंडलिकराव या प्रश्नासाठीच चहा थंड होऊ देत बसले होते. सॉना, ते म्हणाले. म्हणजे लाकडाची एक लहानशी खोली. खोलीत विजेची शेगडी. शेगडीवर दगड रचलेले. दगड तापले की लांब दांड्याच्या पळीने त्यांच्यावर पाणी घालायचं. वाफ उठते. माणूस समोरच्या बाकावर पंचा गुंडाळून गप्प बसतो आणि घामाघूम होतो.

"मंग?"

"मंग काई नाई. बाहेर येते."

आपल्याकडे मे महिन्यात हे ओट्यावर बसल्या बसल्या फुकटात होतं, असं एकाने नम्रपणे सुचवलं. पुंडलिकराव म्हणाले, म्हणूनच हे काम आपल्याला मिळालं. ज्याला उकाड्याचा अनुभव नाही तो उकाडा काय बांधणार. हे उत्तर टपरीला पटलं. घरी जाताना पुंडलिकरावांच्या लक्षात आलं की ते आपल्यालाही पटलं आहे.

खरं तर काम रीनाने मिळवलं होतं. रीना म्हणजे पुंडलिकरावांची थोरली. नागपूरला एमबीए करून आली होती आणि नोकरी न शोधता बापाचाच धंदा शोधून काढत होती. न्यूझीलंडचे कॉलिनसाहेब ठोक व्यापारी होते. एकदम कंटेनरभर सॉना घ्यायचे आणि तिकडच्या हॉटेलांना, दुकानांना विकायचे. पहिला कंटेनर वेळेवर आणि नीट पोचला तर दरवर्षी काम, नाही तर रामराम, असं त्यांनी गोड शब्दांत कळवलं होतं. पुंडलिकरावांनी त्या एका कंटेनरच्या भरवशावर गावातल्या सगळ्या चौकटी परत पाठवल्या होत्या. म्हणजे आता परतीची वाटच नव्हती. ती त्यांनी टपरीवर स्वतःच्या तोंडाने बंद केली होती.

सॉना बांधणं सोपं निघालं. अवघड होतं ते बांधलेला सॉना पुन्हा बांधणं, म्हणजे पॅकिंग. न्यूझीलंड हा देश बाहेरून येणाऱ्या किड्यामुंग्यांना, मातीला आणि बियाण्याला इतका भितो की विमानातून उतरणाऱ्या माणसाच्या बुटाचा तळवासुद्धा बघतो. रीनाने कारागिरांना ओळीत बसवून सांगितलं की पॅकिंगमध्ये तणस, म्हणजे धानाचा पेंढा, चालणार नाही. मातीचा कण चालणार नाही. धानाचा एक दाणा जरी सापडला तरी अख्खा कंटेनर परत येईल किंवा तिकडेच जाळतील.

हे तिने भर मळणीच्या दिवसांत, भंडारा जिल्ह्यात सांगितलं. तेव्हा अड्याळमध्ये दाणा नव्हता कुठे? केसांत होता, खिशात होता, चहातही असायचा. पुंडलिकरावांनी अंगणाला हिरवी जाळी लावली, कोंबड्या मेहुण्याकडे पाठवल्या आणि फाटकाशी कारागिरांचे कपडे झटकायला स्वतः उभे राहिले. हेडमिस्त्री सुखराम म्हणाला की आपण लग्नातही कधी एवढे स्वच्छ नव्हतो.

मग दगड आले. शेगडीवर ठेवायचे दगड कॉलिनसाहेबांनीच कुठूनसे पाठवले होते. काळेभोर, ज्वालामुखीतले, प्रत्येक पेटीत मऊ कागदात गुंडाळलेले. पेट्या उघडताना सगळी गिरणी काम सोडून भोवती जमली. दगड, आणि तोही पार्सलने? आपल्या गावात दगडाची काही टंचाई आहे का? रीना म्हणाली, साधा दगड तापून फुटतो, हा फुटत नाही. सुखरामने एक दगड दोन्ही हातांनी उचलला, कपाळापाशी नेला आणि मग भानावर येऊन खाली ठेवला.

"हा साधा दगड नाई," तो म्हणाला.

तिथे पुंडलिकरावांनी सावध व्हायला हवं होतं. पण ते त्या वेळी दगड मोजत होते.

कॉलिनसाहेबांची एक अट होती. एक सॉना अंगणात पूर्ण उभा करायचा, तापवायचा, त्याचं चित्रीकरण पाठवायचं आणि मग तोच खोलून, बांधून, बाकीच्यांसोबत कंटेनरमध्ये घालायचा. त्याप्रमाणे सॉना उभा राहिला. गोड वासाच्या परदेशी लाकडाची ती खोली सकाळच्या उन्हात अशी काही दिसली की शेजारपाजारचे लोक जाळीला नाक लावून उभे राहिले. आत मंद दिवा, मधोमध चौथऱ्यासारख्या शेगडीवर काळे दगड, बाजूला लाकडी बादली आणि पळी. तुम्ही आम्ही असतो तर आपल्याला काय वाटलं असतं, तेच सगळ्यांना वाटलं. फक्त बोललं कुणी नाही.

शेगडी लावली. रीना मोबाईल धरून उभी. तेवढ्यात सुखरामची आई सखाबाई मुलाचा डबा घेऊन काठी टेकत आली. सखाबाईने सगळं आयुष्य तलावाच्या गार पाण्यात उभं राहून माशांची जाळी ओढली होती आणि पाण्याने त्याची वसुली गुडघ्यांतून केली होती. डिसेंबरातली थंडी, समोर उबदार खोली. ती सरळ आत गेली आणि बाकावर बसली. पळीने दगडांवर पाणी घातलं. दगड फुसफुसले, वाफ उठली आणि काचेच्या दारामागे सखाबाई दिसेनाशी झाली.

ती बाहेर आली तेव्हा घामाने निथळत होती. तशीच फाटकापर्यंत चालत गेली. फाटकाशी थबकली, परत आली, दाराशी वाकून तिने नमस्कार केला आणि पुन्हा निघाली. काठी आतच राहिली होती.

सुखरामने विचारलं, काय झालं.

"काई नाई," सखाबाई म्हणाली. "गुडघा बोलत होता माहा. तो चूप बसला."

रीनाने समजावून सांगितलं की उष्णतेने सांधे मोकळे होतात, यात चमत्कार काही नाही. सखाबाईने ते शांतपणे ऐकून घेतलं. शेकाने आराम पडतो हे तिलाही माहीत होतं. पण चुलीचा शेक चूल देते, विटेचा शेक वीट देते. हा शेक दगड देत होता, आणि दगड उगाच कुणाला काही देत नसतो, एवढंच तिचं म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडांना शेंदूर लागलेला होता. त्यानंतरच्या सकाळी दारावर घंटा होती. ती कुणी टांगली हे कळलं नाही, पण टांगली चांगली होती. मग गुडघे येऊ लागले. आधी अड्याळचे, मग आसपासचे, मग जीपगाड्या भरून लांबलांबचे. बायका आत जायच्या, अक्षता टाकायच्या, पळीने पाणी घालायच्या आणि वाफेत डोळे मिटून बसायच्या. बाहेर येताना त्यांचे चेहरे असे दिसत की पुढच्या बाईला काही विचारायची गरज पडत नसे. देवाचं नाव वाफेश्वर पडलं.

पुंडलिकरावांनी पाटी लावली : आत जाण्यास सक्त मनाई. तिचा अर्थ लोकांनी असा घेतला की देव कडक आहे; गर्दी वाढली. त्यांनी दोर बांधला. त्याची रांग झाली. त्यांनी शेगडीची वीज बंद केली, तेव्हा गावातल्या वायरमनने स्वतः येऊन, एक शब्द न बोलता, ती चालू करून दिली आणि तो रांगेत उभा राहिला.

घरात पुंडलिकरावांच्या पत्नी बेबीबाई रांगेला चहा पाठवत होत्या. नवऱ्याने डोक्याला हात लावला की म्हणायच्या, "आल्या बायायले तसंच वापस पाठवू का जी?"

आणि मग रीनाने सांगितलं की उद्या सकाळी कंटेनर येतो आहे.

बाकी सगळे सॉना केव्हाच फोममध्ये, कोपऱ्यांना पुठ्ठे लावून, पट्ट्या आवळून तयार होते. राहिला होता एकच. पुंडलिकरावांनी सुखरामच्या हाती पाना दिला आणि खोल म्हणाले. सुखरामने पाना घेतला, पुसला आणि परत त्यांच्या हातात ठेवला.

"मालक, तुमी म्हणसान तर मी माह्या घराचं छप्पर खोलून देतो. हे मले नाई जमनार."

बाकीच्या कारागिरांना तेवढ्यात कुठे कुठे कामं आठवली. शेवटी पुंडलिकराव स्वतःच पाना घेऊन आत गेले. दार लागलं. पहिला बोल्ट बाकाखाली होता, म्हणून ते बाकावर टेकले. शेगडी अजून गरम होती. बाहेरचा सगळा कलकलाट काचेच्या पलीकडे राहिला. लाकडाला वास येत होता, दगड आपल्याशीच बारीक टकटकत होते. पुंडलिकरावांना वाटलं, आपण ह्या खोल्या कंटेनरभर बांधल्या, एकेक फळी हाताने तासली, आणि आत बसून एकदाही पाहिलं नाही. हे काय बांधून ठेवलंय आपण? त्यांचे आणि देवाचे संबंध आजवर सलोख्याचे, पण अंतर राखून होते. त्यांनी दगडांकडे पाहिलं. दगडांनी घाई केली नाही.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. सगळे बोल्ट जागच्या जागी होते.

"काय झालं, बाबा?" रीनाने विचारलं.

"पाना बसत नाई," पुंडलिकराव म्हणाले. पाना त्यांनी स्वतः त्या मापाचा करून घेतला होता.

आता कंटेनर एक सॉना कमी घेऊन निघाला असता तर कॉलिनसाहेबांचा पहिलाच माल अपुरा पोचला असता, आणि गावातल्या चौकटी तर पवनीला गेल्याच होत्या. रीना अंगणातल्या खुर्चीवर बसून राहिली. शेवटी बेबीबाई पदर खोचून आल्या. त्या म्हणाल्या, बसवलेला गणपती आपण दरवर्षी उठवतो की नाही? देवाला सांगून, विचारून, पानसुपारी देऊन? मग ह्यालाही विचारा. आणि तुम्ही नका विचारू, ज्यांना तो आधी दिसला त्यांना विचारू द्या.

उजाडताच सखाबाईला बोलावलं. सगळी रांग दाराभोवती गोळा झाली. सखाबाई आत गेली, पानसुपारी ठेवली, पळीत पाणी घेतलं आणि सासरी निघालेल्या पोरीला विचारावं तसं दगडांना विचारलं, "जाता का जी?"

पाणी पडलं. दगड फुसफुसले. सखाबाईने कान दिला.

"हो म्हणून राहिले."

रांगेत कुजबुज झाली. एकीने विचारलं, आपला देव दूरदेशी कशाला द्यायचा? सखाबाईने तिच्याकडे वळून पाहिलं.

"तिकडच्या लोकायचे गुडघे दुखत नसन का वो? दुखत नसते तर त्यायनं मांगवलं कायले असतं?"

एकेक जण पुढे येऊन नमस्कार करून मागे सरला. मग सुखराम आला आणि पुंडलिकरावांकडून त्याने पाना मागून घेतला.

फळ्या सुटल्या तशी रीना किंचाळायचीच राहिली. फळीफळीच्या खाचेत अक्षता अडकल्या होत्या. सगळ्या भाविकांचा तांदूळ, कोपऱ्याकोपऱ्यात, बाकाच्या फटींत, दाराच्या रबरात. एक दाणा सापडला तर कंटेनर जाळणारा देश, आणि इथे पसाभर. टाचणीने काढत बसलं तरी आठवडा गेला असता, आणि ट्रेलर फाटकात हॉर्न देत होता.

त्या ट्रेलरबद्दल सांगायलाच हवं. चाळीस फूट लांब कंटेनर अड्याळने टीव्हीवर पाहिला असेल, गल्लीत पाहिला नव्हता. तो वळणावर वळला तेव्हा दोन घरांच्या माणसांनी आपापल्या भिंतीला हात लावून धरलं. म्हातारी माणसं खुर्च्या घेऊन बाहेर आली. गोठ्यातल्या म्हशी उभ्या राहिल्या. अख्खं गाव उघड्या तोंडाने त्या लोखंडाकडे पाहत होतं, आणि त्याच वेळी रीना एका चिमट्याने दाणे काढत होती.

बेबीबाईंनी तिच्या हातून चिमटा घेतला आणि रांगेकडे तोंड करून म्हणाल्या की देव निघाले आहेत. जाताना अक्षता ठेवून चाललेत. हा प्रसाद आहे, ज्याला सापडेल त्याने घरच्या धानाच्या कोठीत टाकावा.

पुढे जे झालं ते न्यूझीलंडच्या कुठल्याही अधिकाऱ्याने कधी पाहिलं नसेल. जन्मभर सुपात तांदूळ निवडणाऱ्या बायका त्या फळ्यांवर वाकल्या. हेअरपिना निघाल्या, सुया निघाल्या, काजळाच्या काड्या निघाल्या. एकीने खाच फुंकली, दुसरीने पदर धरला. ट्रेलरवाल्याचा चहा संपायच्या आत रीना टॉर्च घेऊन फळी न् फळी तपासत होती आणि तिला एक दाणा सापडत नव्हता. सखाबाईने दगड आधी दुधाने, मग नाइलाजाने सोड्याने धुतले, ते थोडे गुलाबी राहिले. रीनाने ठरवलं, कॉलिनसाहेबांनी विचारलं तर चाचणीत तापून असे झाले म्हणायचं.

कंटेनर भरला, दारं लागली, सील ठोकलं. पुंडलिकरावांनी छाती भरून श्वास घेतला. रीनाच्या मोबाईलवरच्या नकाशात कंटेनरचा निळा ठिपका होता. तो भंडाऱ्याच्या रस्त्याला लागला, थोडा सरकला आणि थांबला.

थांबला तो थांबलाच. चहा झाला, जेवण झालं, ठिपका तिथेच.

पुंडलिकराव मोटारसायकलवर निघाले. पुढच्याच फाट्यावर ट्रेलर उभा होता. कंटेनरच्या मागच्या दाराला हळदकुंकू लागलं होतं, कड्यांना झेंडूच्या माळा होत्या आणि बायकामाणसांची रांग थेट शेतात गेली होती. ड्रायव्हर बिहारचा होता. अड्याळमध्ये चहा पिताना त्याने सगळी हकिकत ऐकली होती. त्याने हात जोडून सांगितलं, "मालिक, भगवान बैठे हैं पीछे. लोग दर्शन माँगते हैं, हॉर्न कैसे बजाएँ?"

संध्याकाळी नागपूरच्या कंटेनर डेपोचं फाटक बंद होणार होतं. कंटेनर आज आत गेला नाही तर बंदराकडची मालगाडी आणि तिच्यापायी जहाज चुकणार होतं. पुंडलिकराव ट्रेलरच्या पायरीवर चढले आणि त्यांनी लोकांना सांगितलं की आत देव नाहीत, लाकूड आहे. लोकांनी ते मन लावून ऐकलं. कुणी हललं नाही.

रांगेच्या तोंडाशी एक म्हातारी होती. विमलाबाई, लाखांदूरची. सकाळच्या एसटीने अड्याळला उतरली होती, अंगण रिकामं पाहून भंडाऱ्याच्या गाडीत बसून कंटेनरच्या मागे आली होती. तिने कंटेनरच्या लोखंडावर तळहात टेकला होता. ते उन्हाने तापलं होतं आणि ती तेवढ्यावरही समाधान मानायला तयार दिसत होती.

"मावशी, सील हाय. तोडता येत नाई," पुंडलिकराव म्हणाले.

"तोडू नको बापू. जाऊ दे त्यायले. मले एवढंच सांग, आता मी कुठं जाऊ?"

पुंडलिकरावांनी घड्याळात पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि मग तिच्या हाताकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून जे निघालं ते धंद्याचं होतं की दुसरं कसलं, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

"कुठंच नको जाऊ. लाखांदूरलेच राह्य. मी घेऊन येतो."

रांगेत पाठीमागे लगबग झाली. कुणीतरी ओरडून विचारलं की आमच्या बपेरा गावाचं काय, आम्ही काय रस्त्यावरचे आहोत? पुंडलिकरावांनी बपेऱ्यालाही हो म्हटलं. त्या घडीला कुणी नागपूर मागितलं असतं तरी ते हो म्हणाले असते. रांग बाजूला झाली. ड्रायव्हरने इंजिन लावलं, आणि निळा ठिपका रीनाच्या मोबाईलवर चालू लागला.

कंटेनर पोचला. न्यूझीलंडच्या अधिकाऱ्यांनी तो आतून बाहेरून तपासला आणि त्यांना काहीच सापडलं नाही. कॉलिनसाहेबांनी कळवलं की इतका स्वच्छ माल आपण आजवर पाहिलेला नाही, हे तुम्ही कोणत्या यंत्राने करता? शिवाय आता दुप्पट माल हवा आहे, लवकरात लवकर.

पुंडलिकरावांनी ते पत्र रीनाकडून बेबीबाईंना वाचून दाखवलं. बेबीबाई खूश झाल्या. मग म्हणाल्या की पण नंबर तर आधी लाखांदूरचा आहे. रस्त्यावर उभं राहून शब्द दिलाय तुम्ही.

रीनाने बापाकडे पाहिलं. बापाने गिरणीकडे पाहिलं. गिरणीत सुखराम लाखांदूरच्या सॉनाच्या फळ्या केव्हाच तासायला लागला होता. त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. शेवटी पुंडलिकराव म्हणाले, लिहून टाक : तुमचा नंबर बपेऱ्यानंतर.

कॉलिनसाहेबांचं उत्तर लगेच आलं. बपेरा ही कोणत्या देशातली कंपनी आहे आणि आमच्या आधी माल मिळावा म्हणून ती असं काय देते, असं त्यांनी विचारलं होतं.

पुंडलिकरावांनी बराच विचार केला. खोटं लिहायचं नव्हतं, आणि खरं इंग्रजीत बसेल की नाही याची खात्री नव्हती.

"लिव," ते म्हणाले. "देत तसं काई नाई. पण ते लोक आत जाताना चपला काढून जातात."

रीनाने तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ते तिने मोबाईलवर वाचलं, बापाकडे पाहिलं, आणि पुन्हा एकदा वाचलं. कॉलिनसाहेबांनी लिहिलं होतं : आमच्याकडे तर लोक सगळंच काढून जातात. ठीक आहे, थांबतो.

"काय म्हणते साहेब?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"थांबतो म्हणतात," रीना म्हणाली आणि मोबाईल खिशात ठेवला.

पुंडलिकराव आपल्याशीच हसले. बेबीबाईंकडे वळून म्हणाले, "पाहा. परदेशात राहून बी मानूस श्रद्धाळू हाय."